खर्जाची जागा

काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली, की तिचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या आसपास लागतो, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनं. शेल्फवर मावणाऱ्या, ४-५ इंची वूफरच्या स्पीकरना तो पेलताना धाप लागते. तरीही तानपुरा ऐकू येतोच, कारण वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा मूळ स्वर आपला आपण भरून काढतो. हरवतं ते त्या स्वराचं वजन. डग्ग्यावर तळवा सरकवून काढलेली मींड, पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीचा घुमारा, पियानोच्या डाव्या टोकाच्या पट्ट्या, सगळ्यांचंच तसं होतं. पियानोची शेवटची पट्टी तर २७.५ हर्ट्झवर आहे.

हे वजन परत आणणं सबवूफरचं काम. पण त्याची ख्याती वेगळ्याच कारणाने झाली. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या हॉलिवूडपटासाठी युनिव्हर्सल स्टुडिओने थिएटरांत ‘सेन्सराउंड’ नावाची यंत्रणा बसवली आणि भूकंपाच्या प्रसंगी प्रेक्षकांच्या खुर्च्या हादरवल्या. तेव्हापासून सब म्हणजे धडाम-धूम, असं समीकरण बसलं. संगीत ऐकणारे बरेच जण म्हणूनच त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि हे त्यांचं मोठंच नुकसान आहे.

दुकानात दणदणीत वाजलेला सब घरी आणल्यावर एकाच सुरावर घुमत राहतो, असा अनुभव अनेकांना येतो. दोष बहुतेक वेळा पेटीचा नसतो, खोलीचा असतो. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे जवळपास २८ फूट. एवढी लहर १० बाय १२च्या खोलीत मोकळी धावू शकत नाही. ती भिंतींवर आपटून परत येते आणि स्वतःतच मिसळते. १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर असा अडकतो, १० फुटांमध्ये ५६चा. तो सूर भिंतीपाशी फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. एकाच खोलीत भिंतीला टेकून बसलेल्याला बेस नकोसा वाटतो आणि मधल्या खुर्चीतल्याला तो ऐकूच येत नाही, ते यामुळे. खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांचे सूर एकाच ठिकाणी येतात आणि त्रास वाढतो. आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या भिंती बेस बाहेर जाऊ देण्यापेक्षा परतच जास्त पाठवतात. भिंतीवर अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवून यात काही फरक पडत नाही. लहरीचा पाव भागच सात फुटांचा, तिथे दोन इंचांचा फोम काय करणार?

उपाय जागेत आहे. सब तात्पुरता ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवावा, बेसची चाल स्पष्ट असलेलं एखादं गाणं लावावं आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत, कान खाली ठेवून ऐकत जावं. जिथे प्रत्येक सूर सारख्याच जोराने आणि सुटा ऐकू येतो, तिथे सबचा मुक्काम. रांगणाऱ्याला घरचे हसतात, पण हजारो रुपयांच्या केबलने होणार नाही एवढा फरक या अर्ध्या तासाने होतो. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळतो. पण तिथे अडकलेले सगळेच सूर एकदम जागे होतात.

जागा आणि पैसा असेल, तर एका मोठ्या सबपेक्षा दोन मध्यम सब घेणं शहाणपणाचं. हर्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली नेमका हाच प्रश्न तपासला : सब किती पुरेत? समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेल्या दोन सबनीच खोलीभरचा बेस बराच एकसारखा होतो, असं त्यांना दिसलं.

पेट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. भोकाची, म्हणजे पोर्टेड पेटी तेवढ्याच ताकदीत जास्त आवाज देते, पण तिच्या मर्यादेखाली तो झपाट्याने तुटतो. बंद पेटीचा आवाज हळूहळू उतरत जातो. छोटी, पक्क्या भिंतींची खोली दारं-खिडक्या लावल्यावर अगदी खालच्या सुरांना स्वतःच जोर देते, त्यामुळे ही उतरण बरीचशी भरून निघते. फ्लॅटमध्ये संगीतासाठी सब घेणाऱ्याने म्हणूनच आधी बंद पेटी ऐकावी. आकारात मात्र काटकसर नको : एक सप्तक खाली तेवढाच आवाज हवा असेल, तर चौपट हवा ढकलावी लागते. १२ इंची कोनचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोनपट असतं.

मग उरतात तीन खटके. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराखालचं काम सबकडे जातं ती सीमा, शेल्फवरच्या स्पीकरसाठी ८० हर्ट्झच्या आसपास, उंच टॉवर स्पीकरसाठी ५०-६०. स्वस्त होम थिएटर संचातले इवलेसे स्पीकर खाली उतरूच शकत नाहीत, म्हणून तिथे तो १२० किंवा त्याच्याही वर न्यावा लागतो. आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण १०० ते १५० हर्ट्झमध्ये असल्याने, सब सोफ्यामागे असेल तर निवेदक तिथूनच बोलतोय असं वाटू लागतं. फेजचा, म्हणजे सब आणि स्पीकर यांच्या लहरींचा मेळ जुळवणारा खटका ० आणि १८० अंश दोन्हीकडे फिरवून पाहावा. खुर्चीत बसून जिकडे बेस भरीव लागेल, तिकडे ठेवावा. शेवटी व्हॉल्यूम : शून्यापासून हळूहळू वाढवत न्यावा आणि आवाज सबमधून येतोय हे कळू लागलं, की थोडा मागे घ्यावा.

खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार हवाच. फरशीवरून स्लॅबमध्ये जाणारा थरकाप पेटीखाली जाड रबर किंवा फोमची गादी घालून काहीसा कमी होतो. हवेतून जाणारा बेस मात्र गादीने अडत नाही. रात्री दहानंतर व्हॉल्यूमच खाली आणावा लागतो. तेवढ्या हळू आवाजात कानाला खालचे सूर आधीच कमी ऐकू येतात. म्हणून काही सबना रात्रीसाठी वेगळी सेटिंग साठवण्याची सोय असते. विकत घेताना ती आहे का, हे विचारून घ्यावं.