खुर्ची नुसती हलते, पण…

कॉलेजची ट्रिप श्रीगोंद्याहून खोपोलीच्या इमॅजिकाला गेली की एक सीन ठरलेला. सिम्युलेटर राइडमधून बाहेर आलेला एखादा शूरवीर पाय लटपटत असतानाही म्हणतो, ‘काही नाही रे, खुर्ची नुसती हलते!’ भाऊ खरंच बोलतोय. मग पोटात गोळा का आला?

उत्तर सापडतं टायरच्या कंपनीत. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये डनलॉपचे इंजिनिअर एरिक गॉफ यांनी टायर तपासायला सहा पायांचं यंत्र बनवलं. पाय कमी-जास्त लांब केले की वरचा भाग हवा तसा कलतो, सरकतो, वळतो. १९६५ मध्ये डी. स्टुअर्ट यांनी वैमानिकांच्या सिम्युलेटरसाठी तशीच रचना मांडली. हे पाय म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे जॅक. आपल्याकडे मुरमाची डंपिंग ट्रॉली उचलतो, तसलेच!

या यंत्राला अंतराळात नेलं डिस्नेने. ९ जानेवारी १९८७ ला कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘स्टार टूर्स’ सुरू झाली. ‘स्टार वॉर्स’वाले जॉर्ज लुकास सोबतीला होते. यानात चाळीस जण, समोर पडदा आणि पायलट कोण, तर पहिल्याच ड्यूटीवर आलेला नवखा रोबो. वाट चुकणारच!

खरी गंमत पुढे आहे. पडद्यावर यान सुसाट सुटतं, त्याच क्षणी केबिन मागे कलते. पाठ खुर्चीत दाबली जाते ती गुरुत्वाकर्षणामुळे. पण बाहेरचं काही दिसत नसल्याने मेंदूला वाटतं, वेग वाढला. मग केबिन इतकी हळूच सरळ होते, की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला पत्ताच लागत नाही.

योगायोग बघा, त्याच १९८७ मध्ये आपल्याकडे ‘मिस्टर इंडिया’ आला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकात त्याच सिनेमावर सिम्युलेटर राइड झाली. तिथली ‘डीप स्पेस’ मात्र अंधारात रुळांवरून खरोखर धावणारी कोस्टर. ‘स्टार टूर्स’ २०११ मध्ये थ्रीडी होऊन नव्याने आली. आता प्रत्येक फेरीला गोष्ट बदलते.

आपल्यापैकी अनेकांनी अजून विमानात पाय ठेवलेला नाही. त्यांचं पहिलं ‘टेकऑफ’ अशाच केबिनमध्ये होतं. आणि खरे वैमानिकही इंजिन बंद पडल्यावर काय करायचं, ते अशाच केबिनमध्ये बसून शिकतात. तिथे चुकलं तर कुणाचा जीव जात नाही, पुन्हा सुरुवात करता येते.

पुढच्या ट्रिपला राइडमध्ये मिनिटभर डोळे मिटून बघा. पडद्यावरचं जग गायब होईल. उरेल ती नुसती हलणारी खुर्ची.