वनौषधींची विडी : व्यसनमुक्तीचा मार्ग की नव्या धुराचे निमंत्रण?

दरवर्षी प्रायश्चित्तकाळात आपल्या धर्मग्रामांतील अनेक बंधुभगिनी विडी, सिगारेट वा तंबाखू सोडण्याचा संकल्प करतात. अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : तंबाखू किंवा गांजाऐवजी तुळस, ज्येष्ठमध, अडुळसा अशा सौम्य वनस्पतींची विडी ओढली तर चालेल काय? बाजारात तंबाखूविरहित सिगारेटी मिळतात आणि वेष्टनावर औषधी वनस्पतींची नावे पाहून मनुष्य निर्धास्त होतो. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. येथील व संगमनेरच्या कित्येक घरांतील भगिनींनी विड्या वळून संसार चालविले. भारतीय गांजा आयोगाने १८९३-९४ साली चौकशी केली, त्या काळी हा जिल्हा मुंबई इलाख्यात गांजाच्या परवानाधारक लागवडीसाठी ओळखला जात असे. आज १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे.

आयुर्वेदातील धूमपान

‘आयुर्वेदातही धूमपान सांगितले आहे’ असे समर्थन पुष्कळदा ऐकू येते. ते खरे आहे, परंतु अर्धेच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात औषधी धूमवर्तीचे वर्णन येते. वाटलेली औषधे बोरूच्या काडीवर लेपून, वाळवून, काडी काढून घेत आणि त्या वर्तीस तूप लावून नळीतून धूर घेत. मात्र हा उपचार ठराविक वेळी, ठराविक प्रमाणात करावयाचा होता. तो कोणी करू नये याचीही यादी तेथे दिली आहे. अवेळी वा अति धूमपान केल्यास बहिरेपणा, अंधत्व, रक्तस्राव व चक्कर असे परिणाम होतात, असा इशाराही त्याच अध्यायात आहे. तंबाखू तर त्या ग्रंथकारांना ठाऊकच नव्हती. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. १६०४ च्या सुमारास असद बेग याने ती विजापूरहून अकबराच्या दरबारी नेली. तेव्हा प्राचीन वैद्यकाचा आधार घेऊन दिवसाकाठी दहा विड्या ओढणे हे त्या वैद्यकाशीही प्रामाणिक नव्हे.

धुरात काय असते?

वनौषधींच्या सिगारेटीत निकोटिन नसते, ही तिची जमेची बाजू. त्यामुळे तिचे निकोटिनसारखे व्यसन लागत नाही. परंतु फुप्फुसांची हानी प्रामुख्याने जळण्याच्या क्रियेतून होते. कोणतेही पान जाळले, मग ते तुळशीचे असो वा विडीवरचे तेंदूचे, की डांबरसदृश द्रव्ये व कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. म्हणूनच २००० साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा सिगारेटींच्या उत्पादकांना जाहिरातींत धोक्याची सूचना देणे भाग पाडले. एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबात हा धूर लहान मुलांच्याही छातीत जातो.

‘वनस्पती’ म्हणजे ‘सौम्य’ हेही गृहीत धरू नये. दम्यासाठी धोतऱ्याची पाने ओढण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. १८०२ च्या सुमारास ती मद्रासहून ब्रिटनमध्ये पोहोचली व तेथे दम्याच्या सिगारेटी निघाल्या. धोतऱ्यातील द्रव्याने श्वासनलिका सैल होतात हे खरे, परंतु त्याचे प्रमाण थोडे वाढले तरी भ्रम व विषबाधा होते.

चिलमीत गांजा बहुधा तंबाखूत मिसळूनच ओढला जातो. त्यामुळे असा मनुष्य दोन्ही द्रव्यांच्या आहारी जातो. तंबाखूच्या जागी दुसरा पाला घातला तर निकोटिन टळेल, पण गांजाचा परिणाम आणि धूर तसाच राहील. शिवाय ओठाशी काही पेटते धरण्याची सवय जिवंत राहते आणि मनस्तापाच्या क्षणी हात पुन्हा जुन्या विडीकडे वळतो.

मग उपाय कोणता?

वनौषधींचा उपयोग अवश्य करावा, पण त्यांना अग्नी न लावता. तलफ बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ बडीशेप, लवंग वा ज्येष्ठमधाचा लहानसा तुकडा चघळावा, पाणी प्यावे, जागा बदलावी. (रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध नित्य घेऊ नये.) राष्ट्रीय पाहणीनुसार २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे मोठा प्रश्न मळलेल्या तंबाखूचा व मिश्रीचा आहे आणि तेथे तर वनौषधींच्या विडीचा काहीच उपयोग नाही. चघळण्याचा पर्याय मात्र त्यांनाही लागू पडतो.

तंबाखू सोडल्यावर पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, झोप न लागणे, अस्वस्थता हा त्रास साधारणतः दोन ते चार आठवड्यांत कमी होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनची गोळी वा पट्टी घेता येते. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीवर समुपदेशन विनामूल्य मिळते. गांजाचे व्यसन असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात कमीपणा मानू नये.

कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २२९० वा परिच्छेद अन्न, मद्य, तंबाखू व औषधे या सर्वांच्या अतिरेकापासून दूर राहण्यास सांगतो. पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयानुसार २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये सिगारेटची विक्रीही बंद झाली. घरातील कोणी व्यसन सोडण्याचा प्रयत्न करीत असेल, तर त्याची चिडचिड घरच्यांनी चार आठवडे सोसावी. तो पुन्हा घसरला तरी त्याला टोमणे न मारता नव्याने आरंभ करू द्यावा. पुष्कळांना व्यसन सुटण्यापूर्वी एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावे लागतात.