मोत्याच्या पिसवा

आमचा कुत्रा मोत्या ओसरीवर पोत्यावर निजतो. पावसाळ्यात त्याला पिसवा झाल्या. त्या धाकट्या बहिणीला चावून तिचे पाय लाल झाले. वडील म्हणाले, मोत्याला नदीपलीकडे सोडून येतो. मला लई रडू आले.

मी मोत्याला साबणाने धुतला. तरी आठ दिवसांनी पिसवा आहेतच! गुरुजींनी सांगितले, पिसू कुत्र्याच्या अंगावर अंडी घालते. ती खसखशीहून बारीक असतात व खाली पडतात. धुळीत, भेगांत त्यांच्या अळ्या होतात, मग कोष. म्हणजे पिसवा वाढत होत्या पोत्याखाली, अन् बोल मोत्याला!

आईने पोते उकळत्या पाण्यात घातले, ऊन पडल्यावर वाळवले. भेगा लिंपून जमीन सारवली. मी रोज कोपरे झाडून केर चुलीत टाकला. रात्री ताटलीत साबणाचे पाणी ठेवून शेजारी दिवा लावला. उजेडाकडे पिसवा उड्या मारतात. सकाळी सात बुडालेल्या! मी मोजल्या. शेतातली कीडनाशक पावडर मात्र कुत्र्याला चोळू नये, तो अंग चाटतो. कोषातल्या पिसवा मागाहून निघतात, म्हणून झाडलोट तीन आठवडे केली.

मोत्या ओसरीवरच आहे. वडिलांनीच त्याला दुसरे पोते दिले.