दमा आणि नियमित औषधोपचार

श्वासोच्छ्वास ही क्रिया इतकी सहज घडते, की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दमा असलेल्या माणसाला मात्र पहाटेच्या गारठ्यात, केर काढताना किंवा चुलीच्या धुरात एकेका श्वासासाठी झगडावे लागते. झटका ओसरला, की दमाही गेला असे त्याला व घरच्यांना वाटते आणि औषध बंद होते. उपचारातील मोठी चूक येथेच घडते.

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला दीर्घकाळ सूज असते. त्यामुळे नलिका अतिसंवेदनशील बनतात. धूळ, धूर, परागकण किंवा सर्दी यांमुळे नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट स्राव साठतो आणि हवेची वाट अरुंद होते. खोकला, धाप, छातीतील घरघर ही त्याची लक्षणे होत. लक्षणे थांबली, तरी सूज मागे राहू शकते.

म्हणून दम्याच्या औषधांची कामे दोन आहेत. साल्ब्युटामॉलसारखे औषध आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. पण त्याने सूज कमी होत नाही. सूज कमी करण्याचे काम श्वासावाटे घ्यावयाची ब्युडेसोनाइडसारखी स्टिरॉइड औषधे करतात. त्यांचा गुण हळूहळू येतो. म्हणून बरे वाटत असतानाही ती डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे घ्यावी लागतात. केवळ साल्ब्युटामॉलवर अवलंबून राहिल्यास गंभीर झटक्याचा धोका वाढतो. यामुळेच २०१९ पासून दमाविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांना व किशोरवयीनांना ते एकटे न देता, उपचारात श्वासावाटे घेण्याच्या स्टिरॉइडचा समावेश करण्यास सांगितले आहे.

‘पंपाची सवय लागते’ हा समज निराधार आहे. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते. औषध थेट श्वासनलिकांत पोहोचत असल्याने गोळीच्या तुलनेत फारच थोडे औषध पुरते. पंपाला स्पेसर ही पोकळ नळी जोडली, तर औषध घशात कमी अडकते. स्टिरॉइड घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. त्यामुळे तोंडात बुरशीचा संसर्ग होण्याचा धोका कमी होतो.

औषधाइतकेच लक्ष ठेवणेही महत्त्वाचे आहे. गेल्या चार आठवड्यांत दम्यामुळे रात्री जाग आली का? दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा त्रास झाला का? आराम देणारा पंप तितक्याच वेळा लागला का? कामात अडथळा आला का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर दमा पूर्ण आटोक्यात नाही. पीक फ्लो मीटर या छोट्या उपकरणात जोराने फुंकर मारून श्वासाचा वेगही घरी मोजता येतो. स्वतःच्या सर्वोत्तम नोंदीच्या ८० टक्क्यांहून अधिक आकडा समाधानकारक मानतात. ५० ते ८० टक्के हा सावधगिरीचा इशारा असतो आणि ५० टक्क्यांखाली तातडीचे उपचार लागतात. एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे किंवा पंपाने आराम न मिळणे, अशा वेळी मीटर शोधत न बसता रुग्णालय गाठावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये दम्याने सुमारे ४ लाख ५५ हजार माणसे दगावली. दम्याचे बहुसंख्य मृत्यू अल्प व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, जेथे निदान व उपचार अपुरे पडतात. दमा समूळ नाहीसा करणारे औषध आज उपलब्ध नाही. परंतु तो आटोक्यात ठेवणारे आहे. श्वास मोकळा असतानाही ते न चुकता घेणे, हेच त्या मोकळ्या श्वासाचे रक्षण होय.