रात्रीची झोप आणि सकाळचा ताठरपणा

शुभार्थी दोन तक्रारी वेगवेगळ्या सांगतात. एक, रात्री झोप मोडते. दुसरी, सकाळी अंग लाकडासारखं होतं. पार्किन्सन्समध्ये बऱ्याचदा या दोन्हींचं मूळ एकच असतं: रात्रभरात ओसरलेलं औषध. तेच आज आपण समजून घेऊ.

लेव्होडोपाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. आजाराच्या सुरुवातीला मेंदू डोपामिन साठवून ठेवतो, त्यामुळे हे जाणवत नाही. पुढे ती साठवण कमी होते. आता हिशेब करा. रात्री ८ ची गोळी, त्यानंतरची सकाळी ७ ला. मध्ये ११ तास गेले! मग कूस बदलता येत नाही, पहाटे पावलं आत वळून दुखतात, आणि उठायची वेळ होते तेव्हा अंग हलत नाही.

पण प्रत्येक जागरण यामुळेच होतं असं नाही. कुणाला लघवीसाठी सारखं उठावं लागतं. कुणी झोपेत ओरडतं, हातपाय झाडतं. स्वप्न पडत असताना एरवी स्नायू सैल राहतात, इथे ते राहत नाहीत. या प्रत्येकावरचा उपाय वेगळा. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘झोप येत नाही’ सांगून भागत नाही.

आठवडाभर एक वही ठेवा. गोळीची वेळ, जाग कधी आली, कशामुळे आली, सकाळी अंग कधी मोकळं झालं, एवढंच लिहा. झोपेतलं ओरडणं शुभंकरांनीच टिपायचं, शुभार्थींना ते आठवत नसतं. ही वही बघून डॉक्टर गोळीची वेळ बदलतील, किंवा रात्रीसाठी सावकाश विरघळणारी गोळी देतील. आपल्या मनाने डोस वाढवायचा नाही, बंद तर मुळीच करायचा नाही. दुकानातून परस्पर झोपेची गोळीही आणू नका; रात्री तोल जाऊन पडायची भीती असते.

डॉक्टरांची हरकत नसेल तर सकाळची पहिली गोळी आणि पाणी उशाशीच ठेवा. जाग आली की ती घ्या आणि अर्धा तास पडून राहा. दुधातल्या प्रथिनांमुळे गोळीचा असर कमी होऊ शकतो, म्हणून दूध नंतर. उठताना गुडघे दुमडा, कुशीवर वळा, पाय खाली सोडा. काठावर मिनिटभर बसा, मगच उभे राहा. एकदम उठलं की रक्तदाब उतरून चक्कर येते.

सकाळ अवघड जाते म्हणजे आजार वाढला, असं लगेच धरू नका. आधी वही उघडा.