परळीचे पाणी आणि गेवराईची रात्र

मुंबईत वीज सहसा जात नाही, याचे श्रेय शहरातल्या वीजकंपन्यांच्या शिस्तीला दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला, १९२२ मध्ये भिवपुरीला आणि १९२७ मध्ये भिऱ्याला जलविद्युत केंद्रे उभारली, ती भीमेच्या खोऱ्यातले पाणी अडवून आणि सह्याद्रीवरून कोकणात उतरवून. त्या पाण्यापायी मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. पुढे कोळशावरची केंद्रे आली, तीही ट्रॉम्बेला खाडीकाठी आणि डहाणूला समुद्राकाठी; यंत्रे थंड ठेवायला खारे पाणी हाताशी होते. राजधानीच्या विजेची आखणी करताना पाण्याचा प्रश्न आधी सुटलेला होता. बीड जिल्ह्यात तो मागाहून आला. दुष्काळी मुलखात विजेचा हिशेब मेगावॅटने मांडण्याआधी पाण्याने मांडला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे, आणि गेवराई तालुका त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

बीड जिल्ह्यातल्याच परळीचे औष्णिक केंद्र १९७१ मध्ये ३० मेगावॅटच्या संचाने सुरू झाले. तिथे कोळसा नाही, तो रेल्वेने दुरून येतो. पाणीही गोदावरीचे, जायकवाडी-माजलगाव-खडका या साखळीवर अवलंबून असलेले. जायकवाडीचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातूनच माजलगावकडे जातो. केंद्र सरकारच्या २०१५ च्या निकषाप्रमाणे जुन्या कोळसा केंद्राने एक मेगावॅट तास विजेमागे साडेतीन घनमीटरपर्यंत पाणी वापरावे. सध्याचे २५० मेगावॅटचे तिन्ही संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर या हिशेबाने रोज सुमारे सव्वासहा कोटी लिटर पाणी लागते, आणि त्यातले बरेचसे वाफ होऊन उडून जाते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे सगळे संच बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. माणसाला आणि जनावराला पाणी कमी पडते त्याच वर्षी हे केंद्रही थांबते, एवढ्यावरून जागेची निवड तपासायला हवी.

आता गेवराईच्या शेतातल्या विजेकडे पाहू. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज साधारण आठ तास, पाळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. कोळशाचे संच रोज बंद-चालू करणे परवडत नाही, रात्री शहरांची आणि कारखान्यांची मागणी उतरते, म्हणून उरलेली वीज पंपांकडे वळवली जाते. अभियंत्याला हे सोयीचे आहे. पण गोदाकाठच्या उसात किंवा वरच्या कापसात अंधारात दारे धरणाऱ्याला सापाची, विजेच्या धक्क्याची भीती असते. म्हणून तो पंपाला ऑटो स्विच लावून घरी झोपतो आणि पाणी वाफ्याबाहेर वाहत राहते. कोळसा केंद्र पाणी पिते आणि त्याची रात्रीची वीज पाणी सांडते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. शेतकऱ्याचे बिल उद्योग, व्यापारी ग्राहक आणि सरकारी तिजोरी भरतात. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने वीज मोफत केली आहे. मग वेळेची तक्रार कशाला? पण फुकट मिळालेली रात्रीची वीज शेतकऱ्याला महागच पडते. यावर उपाय आहे: महावितरणच्या फीडरवर दिवसा सौर वीज देणारी योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. उपकेंद्राजवळच्या पडीक माळावर पॅनेल, तिथूनच पंपाला वीज. पॅनेल धुण्यापुरते सोडले तर पाणी लागत नाही. सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न घरांच्या दिव्यांसाठी खरा आहे आणि त्यासाठी कोयनेची जलवीज आणि कोळसा लागणारच. विहिरीवरच्या पंपाला मात्र दिवसच हवा असतो.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: दिवसाची मोफत वीज मिळाली की बोअर आणखी खोल जातील, ऊस आणखी पसरेल. हे होऊ शकते. म्हणून फीडरचे तास मोजूनच द्यावेत, आणि ज्या पंपांची वीज आजही अश्वशक्तीवरून अंदाजाने धरली जाते, त्यांच्यासाठी निदान प्रत्येक डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, मीटर बसवावा. कुठल्या शिवारात किती उपसा होतो हे गावाला कळल्याशिवाय पाण्याची वाटणी ग्रामसभेत मांडता येणार नाही.