एक माणूस दार उघडून आत येतो

एक माणूस जिना चढतो, दार उघडतो, आत जातो आणि खुर्चीवर बसतो. सिनेमा शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीच्या सरावात साधारण एवढंच चित्रित करायला सांगतात. या सरावाला म्हणतात कंटिन्यूइटी. यात शिकण्यासारखं काय आहे?

समजा, जिना आणि दार टिपलं सोमवारी, कसबा पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात. खोली टिपली गुरुवारी, स्टुडिओत उभ्या केलेल्या प्लायवूडच्या तीन भिंतींत. दोन तुकडे एकमेकांना जोडले, की प्रेक्षकाला दिसतो एकच माणूस, एकाच घरात, एकाच क्षणी शिरताना. असं घर जगात कुठंच नाही. मग ते बांधलं कुणी? तुम्ही! जागच्या जागी बसून, डोळ्यांची पापणी लवायच्या आत, आणि आपण काही बांधलं याचा तुम्हाला पत्ताही लागला नाही.

चित्रपट आणि टीव्हीच्या कॉलेजात कॅमेरे, दिवे, माइक, एडिटिंगची यंत्रं हे सगळं शिकवतातच. पण या सगळ्याच्या तळाशी एकच विषय असतो: प्रेक्षकाचा मेंदू आपणहून काय काय पुरं करतो, आणि कुठे हट्टाने नकार देतो.

नकारही तितकेच चक्रावून टाकणारे आहेत. तीन दिवसांचं आणि अर्ध्या शहराचं अंतर मेंदूनं बिनतक्रार गिळलं, पण बाहेरच्या शॉटमध्ये कडी उजव्या हातानं उघडली आणि आत येताना डावा हात दारावर असला, की तो लगेच अडखळतो. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामधून एक काल्पनिक रेघ ओढायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, असा एक जुना नियम आहे. रेघ ओलांडून पाहा. क्षणापूर्वी एकमेकांकडे बघणारी ती दोघं आता एकाच दिशेला, कुणा तिसऱ्याकडे बघताहेत असं वाटतं.

पण मुळात कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर मारलेली उडी, आपल्याला चालतोच कसा? जग काही तुकड्यातुकड्यांनी दिसत नाही. की दिसतं? आरशासमोर उभे राहा. आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या, परत डाव्या. डोळे हलताना दिसले? दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसतील. आपली नजर सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारते आणि प्रत्येक उडीपुरतं मेंदू दिसणं जवळजवळ बंद करतो. म्हणजे सिनेमाचा शोध लागण्याच्या लाखो वर्षं आधीपासून आपण दिवसभर कट बघत होतो! पडद्यावरचा कट मेंदूला इतका सहज का पचतो, याच्या उत्तराचा एक भाग इथे असावा.

तुकडे जोडले की प्रेक्षकाचा मेंदू काय करतो, याचे प्रयोग करणारे सुरुवातीचे लोक एका सिनेमाच्या शाळेतच होते. मॉस्कोतली ती शाळा 1919 मध्ये सुरू झाली. क्रांतीनंतरचे दिवस, कच्ची फिल्म मिळेना. तिथला तरुण शिक्षक लेव्ह कुलेशॉव्ह जुन्या सिनेमांच्या पट्ट्या कापून पुन्हा जोडायला लागला. त्याचा विद्यार्थी पुडोव्हकिन यानं एक प्रयोग लिहून ठेवला आहे. मोझुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एक शांत, भावहीन शॉट घेतला. तो एकदा सूपाच्या ताटलीला जोडला, एकदा शवपेटीतल्या स्त्रीला, एकदा खेळण्यातल्या अस्वलाशी खेळणाऱ्या मुलीला. लोक नटाच्या अभिनयावर खूश झाले: सूपाकडे किती विचारमग्न होऊन पाहतो, मृत स्त्रीकडे केवढ्या दुःखानं, आणि मुलीकडे बघून किती हलकं हसतो! चेहरा तिन्ही वेळा तोच होता. दुःख प्रेक्षकांनी आपल्याजवळचं दिलं होतं. फिल्म नाही म्हणून केलेल्या या खटपटीतून सिनेमाच्या शिक्षणाचा पाया निघाला, हे मला आजही थक्क करतं.

आपल्याकडे अशी शाळा आली ती पुण्यात, आणि जागा तरी कुठली? प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. ‘संत तुकाराम’ 1936 मध्ये इथेच घडला. तुकारामांना वैकुंठाला नेणारा, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांचा गरुड इथलाच. प्रभात बंद पडली आणि 1960 मध्ये सरकारनं त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. त्या दशकात दिग्दर्शक ऋत्विक घटक इथे शिकवत होते, समोर मणी कौल, कुमार शहानी यांच्यासारखे भावी दिग्दर्शक बसलेले. 1964 मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. देशोदेशींचे सिनेमे आणि तुकारामाचा स्टुडिओ, दोन्ही एकाच गावात!

आता आवाज. मला विचाराल तर खरी जादू इथे आहे. चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्या यंत्रावर नोंदवायची पद्धत आहे. मग दोन्ही जुळवायचे कसे? क्लॅप! पाटीची फळी आपटते ती एक फ्रेम शोधायची, आवाजातला ‘टक्’ शोधायचा, आणि दोन्ही एकाखाली एक ठेवायचे. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सेकंदाच्या चोविसाव्या भागाची. आवाज ओठांपेक्षा दोन-तीन फ्रेम उशिरा आला तर बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तेवढाच आधी आला, तर मात्र खटकतो. असा पक्षपात का? कारण निसर्गात आवाज प्रकाशाच्या आधी कधीच पोहोचत नाही. लांबवर धोबी कपडा आपटताना आधी दिसतो, मग ऐकू येतो. उशीर मेंदूच्या ओळखीचा आहे. आधी येणारा आवाज त्याच्या जगात नाहीच.

आणि शांतता? तीही नोंदवावी लागते! शूटिंग संपलं की साउंडचा विद्यार्थी सगळ्यांना जागच्या जागी उभं करतो आणि अर्धा-एक मिनिट काहीच नसल्याचा आवाज घेतो. याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीचं गप्प बसणं वेगळं असतं: पंख्याची गुणगुण, लांबचा रस्ता, भिंतींवरून परतणारी हवा. दोन संवादांमध्ये खरीखुरी शून्य शांतता ठेवली, तर प्रेक्षकाला वाटतं स्पीकर बंद पडला. पुण्याच्या याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड शिकलेल्या रसूल पूकुट्टींना 2009 मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा या न दिसणाऱ्या कामाकडे देशाचं लक्ष गेलं.

मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं आणि त्याच सुमारास पुण्याच्या या संस्थेच्या नावात टेलिव्हिजन हा शब्द आला. टीव्हीत खेळच पालटतो. सिनेमाच्या एडिटिंग टेबलावर एक कट चार दिवस चाचपता येतो. टीव्ही स्टुडिओत तीन कॅमेरे एकदम चालू असतात, आणि कंट्रोल रूममध्ये बसलेला दिग्दर्शक बोलता बोलता निवड करत जातो: “टू, स्टँडबाय… टेक टू.” शेजारचा विद्यार्थी बटण दाबतो, दोन नंबरच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागतो आणि चित्र निघून गेलेलं असतं. पंगतीत वाढण्यासारखं आहे हे. पानात पडलं ते परत उचलता येत नाही.

गंमत म्हणजे वक्ता बोलायला तोंड उघडतो तेव्हा “टेक” म्हटलं तर उशीर झालेला असतो. सूचना तोंडातून निघून कानात शिरायला आणि बोट खाली यायलाही वेळ लागतो. म्हणून दिग्दर्शकाला माणूस बोलण्याआधी छातीत श्वास भरतो तो टिपावा लागतो. पण हे खुर्चीत बसून कळत नाही. म्हणून सरावात मुलं जागा बदलत राहतात. आज “टेक” म्हणणारा उद्या हेडफोन लावून दोन नंबरच्या कॅमेऱ्यामागे उभा असतो, वक्ता हललेला त्याला दिसतो, फोकस सरकत असतो, आणि सूचना अजून आलेली नसते.